थांबाबाई

माझी नणंद लहानपणी रोज शाळेत जायची आणि रोज गैरहजर लागायची.

कारण साधं होतं. हजेरीत तिचं नाव आलं की तिला "हजर" म्हणता यायचं नाही. 'ह' घशातच अडकायचा. तोंड उघडं, मान ताठ, डोळ्यांत पाणी आणि शब्द काही केल्या बाहेर येईना. वर्गाच्या बाई मान वर न करता पुढच्या नावाकडे वळायच्या. शेवटी मुलगी कुठे भटकते ते विचारायला शाळेने तिच्या आईला बोलावलं. आई चक्रावली. "अहो, मी स्वतः हिला फाटकाच्या आत ढकलून येते!" मग साक्षीला वरच्या वर्गातला भाऊ आणला गेला. तो भाऊ म्हणजे आताचा माझा नवरा. छाती पुढे काढून तो म्हणाला, "बाई, ही रोज येते. मधल्या सुट्टीत माझा डबासुद्धा हीच संपवते."

हा किस्सा आमच्या घरात नेहमी हसत सांगितला जातो. वन्संही हसतात. वन्सं हे मी त्यांना लग्नानंतर थट्टेने म्हणायला लागले, आणि मग तेच तोंडी बसलं. त्या मला वहिनी म्हणतात. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात आणि संध्याकाळचं जेवण आमच्याकडे घेतात. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "हो म्हणायला वे-वेळ लागला. तोवर माणूस निघून गेला." हे खरं की थापा, ते त्यांच्या भावालाही माहीत नाही.

मी गणित शिकवते. वन्सं माझ्याच शाळेत समुपदेशक आहेत. म्हणजे ज्या मुलांचं घरी, दारी किंवा मनात काही बिनसलेलं असतं, ज्यांची शाळा सुटायच्या बेतात असते, त्यांच्याशी बोलायचं, त्यांच्यासाठी धावपळ करायची, हे त्यांचं काम. बोलताना अडखळणाऱ्या बाईने बोलण्याचंच काम पत्करावं, याचं पुष्कळांना हसू यायचं. त्यांनी मानसशास्त्र शिकून पदवी घेतली, वर आणखी शिकल्या, आणि मग जिथे जिथे मुलाखतीला गेल्या तिथून गोड शब्दांत परत पाठवल्या गेल्या. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांनी, ज्यांना सगळे थोरले सर म्हणतात, आडपडदा न ठेवता विचारलं, "बाई, हे बोलायचं काम आहे. तुम्हाला झेपेल का?"

वन्सं म्हणाल्या, "बो-बोलायचं काम मुलांचं. माझं ऐ-ऐकायचं."

असलं टाळ्यांचं वाक्य त्या एरवी कधी बोलत नाहीत. पण नोकरी मिळाली.

खोली मिळाली ती तळमजल्यावरची, जिथे पूर्वी खेळाचं सामान असायचं. आजही तिथे रबराचा आणि जुन्या चामड्याचा वास येतो. भिंतीला खुंट्या आहेत, एका कोपऱ्यात व्यायामाच्या गाद्या रचून ठेवल्यात, आणि खिडकीतून सायकलींचा स्टँड दिसतो. वन्संनी टेबल घेतलंच नाही. तीन खुर्च्या, तिन्ही वेगवेगळ्या घरांतून आल्यासारख्या, आणि मुलाने हवी ती आधी निवडायची. पाण्याचा जग, पेले, एक जुना पंखा. पंखा खडखडतो. दुरुस्त करू म्हटलं तर वन्संनी करू दिला नाही. बाहेरच्यांना आतलं ऐकू जात नाही, हा त्या खडखडाटाचा फायदा.

मुलांनी त्यांचं नाव ठेवलं थांबाबाई. शब्द अडला की त्या हाताचा पंजा किंचित वर करायच्या, जरा थांबा म्हणून. सुरुवातीला पोरं मागून तसाच पंजा करून खिदळायची. पुढे त्यातली चेष्टा कधी गळून पडली कळलं नाही. आमच्या शाळेत कुणी कुणाचं पुरतं ऐकून घ्यायची पद्धत नाही. शिक्षकांच्या खोलीत तर चौघं एकदम बोलतात आणि पाचवा उत्तर देतो. पण वन्सं अडल्या की समोरचा दांडगटातला दांडगट पोरगाही थांबायचा. थांबायचाच, दुसरं करणार काय? आणि त्या थांबण्यात काय व्हायचं कोण जाणे, वन्संचा शब्द सुटल्यावर पोरगा स्वतःचं बोलायचा ते वेगळ्याच आवाजात. एकदा मी खडूचा डबा न्यायला गेले तेव्हा दारातून हे पाहिलं आणि पाय न वाजवता मागे फिरले.

त्या खोलीतलं अक्षरही घरी यायचं नाही. नवरा फार चौकस. जेवताना विचारायचा, "काय मग, आज काय विशेष?" वन्सं गंभीरपणे सांगायच्या, "आज शाळेतला चहा पा-पातळ होता." त्यापलीकडे शब्द नाही. म्हणून आता मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि उरलेलं ज्याचं आहे त्यानेच मला पुढे सांगितलं.

त्याला आम्ही वकील म्हणायचो. वय पंधराच्या आसपास, अंगाने काटकुळा आणि जीभ अशी की तिच्यावर जकात बसवावी. गृहपाठ का आणला नाहीस म्हटलं तर म्हणाला, "बाई, घरी करायचा म्हणून गृहपाठ. मी घरी केला. शाळेत आणायचा असं त्या शब्दात कुठे आहे?" वर्गात हशा पिकला. मलाही हसू आवरेना, म्हणून मी जास्तच रागावले आणि त्याला वन्संकडे पाठवून दिलं.

वन्संनी त्याला खुर्ची निवडू दिली आणि विचारायला लागल्या, "तुला क- क-"

"कंटाळा येतो?" वकील म्हणाला.

वन्संनी मान हलवली. "क- क-"

"कान धरायचेत? कविता म्हणायचीय?"

पंजा वर. वकील गप्प बसला. मग शब्द आला. "कसं चाललंय?" आणि पुढे, "तुझे सगळे अं-अंदाज चुकले."

तू हरलास, हे कुणी त्याला इतक्या शांतपणे सांगणं त्याच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. पुढे तो आपणहून त्या खोलीत जायला लागला. निमित्त वाद घालायचं.

मग त्याची आई घर सोडून गेली. का आणि कुठे, ते सांगायचा मला अधिकार नाही. घरात राहिले तो आणि त्याचे वडील. वडील मालधक्क्यावर क्रेन चालवायचे, रात्रपाळीला. बाप घरी यायचा तेव्हा पोरगा शाळेत निघालेला, पोरगा घरी यायचा तेव्हा बाप कामावर निघालेला. दोन खोल्यांच्या घरात दोघांची गाठ पडायची ती दारात, चप्पल घालताना.

वकिलाची बडबड बंद झाली. आधी आम्हा शिक्षकांना बरंच वाटलं. मग तो वर्गात डोकं बाकावर टेकून पडून राहायला लागला, मग दांड्या मारायला लागला, आणि एक दिवस प्रयोगशाळेत कुणीतरी त्याच्या आईवरून काही बोललं तेव्हा त्याने स्टूल उचलून भिरकावलं. काचेचं कपाट फुटलं. बाजूच्या मुलाच्या हाताला काच लागून टाके पडले.

थोरल्या सरांनी सगळ्या शिक्षकांना बोलावलं. "उद्या त्याच्या हातात दाखला देतो," ते म्हणाले. "एका नासक्या फळापायी मी सगळी टोपली घालवणार नाही." आणि त्यांचं चुकत होतं असंही नाही. टाके पडलेल्या मुलाची आई बाहेरच बसलेली होती.

वन्सं उभ्या राहिल्या. "सर, त्याला-" आणि अडकल्या. चांगल्याच अडकल्या. पंजा वर, गळ्याच्या शिरा ताठ. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, कुणी खोकलं, कुणी कागद सरळ केले. वन्सं बसल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर एव्हाना मान खाली घालून बसले असते. त्या उभ्याच राहिल्या, आणि खोली हळूहळू गप्प झाली.

"त्याला का-काढलं तर तो घरी जाणार," त्या म्हणाल्या. "आणि घरी कुणीच ना-नाही. त्याची एवढी एकच जागा उरलीय, जिथे तो आला नाही तर कुणाच्या तरी ल-लक्षात येतं."

थोरल्या सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "जबाबदारी कोण घेणार?"

"आपण," वन्सं म्हणाल्या. मी घेते असं म्हणाल्या नाहीत. आणि मग त्यांनी आम्हा सगळ्यांनाच कामाला जुंपलं. वकिलाने रोज वर्गाआधी त्यांच्या खोलीत यायचं. मी आठवड्यातून काही दिवस त्याला वेगळं गणित शिकवायचं. ड्रिलचे सर, ज्यांचा आवाज पलीकडच्या गल्लीत ऐकू जातो, त्यांनी दुपारी त्याला धावायला न्यायचं, आणि तेही न ओरडता. हे ऐकून ड्रिलच्या सरांनाच धाप लागली. टाके पडलेल्या मुलाची आणि वकिलाची समोरासमोर भेट वन्संनी स्वतः घडवली. त्या मुलाच्या आईशी तर त्या दोनदा जाऊन बोलल्या. मुलगा सावरतोय ना, रात्री दचकून उठत नाही ना, याची चौकशी करायला. त्या बाईंचा राग त्यानेच निवळला.

वकिलाचे वडील शाळेत आले ते कामाचे बूट घालून, हेल्मेट हातात धरून. खुर्चीत बसेनात. "सांगा, मारू का त्याला?" म्हणाले. खरंच विचारत होते. दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

"नको. त्याच्यासोबत जे-जेवा," वन्सं म्हणाल्या.

"मी रात्रपाळीला असतो बाई. कसा जेवू?"

तेव्हा वन्सं मालधक्क्यावर गेल्या. त्या दिवशी रस्ता मला माहीत म्हणून मी सोबत होते. तिथे लोखंडावर लोखंड आदळत होतं, डोक्यावरून पेट्या झुलत होत्या, धुळीने दात कचकचत होते. मुकादम हातात शिट्टी घेऊन उभा. वन्संनी बोलायला सुरुवात केली तसा तो म्हणाला, "बाई, पटकन बोला, माझा ट्रक खोळंबलाय."

"मला पट-पटकन बोलता येत नाही," वन्सं म्हणाल्या. "ट्र-ट्रकला थांबू द्या."

आणि ट्रक थांबला! ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मुकादमाने त्यालाच हातवारे करून गप्प केलं. वन्संनी जे सांगायचं ते सगळं सांगितलं. एका मुलाला संध्याकाळी घरात बाप हवाय, एवढंच. त्याच महिन्यात वडिलांची पाळी बदलून दिवसाची झाली. परतताना मी वन्संना म्हटलं, "कमाल केलीत." त्या म्हणाल्या, "मुकादमालाही मु-मुलं असतील."

यापुढे सगळं सुरळीत झालं असं मला सांगता आलं असतं तर किती बरं होतं.

काही आठवडे वकील ओढल्यासारखा येत राहिला. गणितं सोडवायचा, पण पेन्सिल हातात जड झाल्यासारखी. आणि मग एका सोमवारी तो हसतमुख आला. केस विंचरलेले, शर्ट आत खोचलेला. मला म्हणाला, "बाई, तुम्हाला फार त्रास दिला ना मी?" माझा जीव भांड्यात पडला. शिक्षकांच्या खोलीत मी सगळ्यांना सांगितलं, पोरगं मार्गाला लागलं. ड्रिलच्या सरांनी टेबलावर थाप मारली.

वन्सं मात्र चहाचा कप तसाच धरून बसल्या. "वहिनी, तो एकदम ह-हलका झालाय," म्हणाल्या.

"मग चांगलंच की!"

आदल्या शुक्रवारी तो वन्संच्या खोलीत तासभर एक शब्द न बोलता बसला होता, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. त्या दिवशी दिवसभर त्या काही ना काही निमित्ताने त्याच्या वर्गावरून फिरत राहिल्या.

शेवटच्या तासाला मी मोकळी होते, म्हणून त्यांच्या खोलीत जाऊन बसले. तेवढ्यात पाचवीतली एक चिमुरडी दारात आली. हातात कंपासपेटी. "बाई, ही त्या मोठ्या दादाने मला दिली. मला नको होती, पण तो म्हणाला ठेव, मला आता नाही लागणार. घेऊ का मी?" ती पेटी मला ओळखू आली. झाकणावर वकिलाने खिळ्याने तराजू कोरला होता. तिच्या मागोमाग ड्रिलचे सर दुसऱ्याच कामासाठी आले आणि बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या वकिलाने आज धावायचे बूट दुसऱ्या पोराला देऊन टाकले. मन मोठं झालंय त्याचं."

वन्सं उठल्या. चिमुरडीच्या केसांवर हात फिरवून त्या म्हणाल्या, "बरं केलंस मला वि-विचारलंस." मग ड्रिलच्या सरांना त्याच्या वडिलांना फोन करून ताबडतोब बोलवायला सांगितलं, आणि जिना चढायला लागल्या. मी मागोमाग.

वर्ग रिकामा होता, मुलं मैदानावर गेलेली. वकील एकटाच आपल्या बाकाशी उकिडवा बसला होता. हातात काचकागद. बाकावर त्याने वर्षभरात कोरलेलं स्वतःचं नाव तो घासून काढत होता. निम्मं गेलेलं. खाली लाकडाचा पिवळा भुगा पडलेला, आणि तो शांतपणे, मन लावून घासत होता, एखादं आवडीचं काम करावं तसं.

वन्संनी मला हाताने दारातच थांबवलं. स्वतः गेल्या आणि त्याच्या समोर न बसता शेजारी, बाकावर बसल्या. काचकागदाचा आवाज थांबला नाही.

"मला तुला एक वि-विचारायचंय," त्या म्हणाल्या. "सरळ वि-विचारते."

"विचारा."

"तू म- म-"

पंजा वर गेला नाही. दोन्ही हात त्यांनी मांडीवर ठेवले होते. शब्द अडलेला, श्वास अडलेला, आणि त्या त्याच्याकडे पाहत होत्या. नजर काढली नाही. मी दारात उभी राहून मनात देवाचा धावा करत होते की शब्द सुटू दे, आणि त्याच वेळी तो सुटू नये असंही वाटत होतं. हे असं मुलाला कुणी विचारतं का? उगाच त्याच्या डोक्यात नसलेलं भरवायचं!

"म-"

काचकागद थांबला. वर न पाहता वकील म्हणाला, "मरायचा विचार करतोयस का, असंच ना?"

वन्संनी मान हलवली.

"हो," तो म्हणाला.

ज्या मुलाने वन्संच्या खोलीत पहिल्याच दिवशी त्यांचे शब्द चोरून चेष्टा केली होती, त्याने हा शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारला. मला त्याने पुढे सांगितलं की तो शब्द तोवर त्याने कुणापाशी, आरशापाशीसुद्धा उच्चारला नव्हता. डोक्यात तो दिवसरात्र वाजत होता. मोठ्याने म्हटल्यावर तो आपल्याहून लहान वाटला, असं म्हणाला.

वन्सं म्हणाल्या, "ब-बरं झालं सांगितलंस." त्यात धक्का नव्हता, उपदेश नव्हता. 'आईबापांचा विचार कर' नाही, 'एवढं सुंदर आयुष्य' नाही, काही नाही. मग त्या त्याला हळूहळू आणखी काही विचारत गेल्या, आणि तो उत्तरं देत गेला. ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की बोलता बोलता तो त्यांच्या खांद्याशी वाकला आणि असा रडला की त्याचा आवाज ओळखू येईना. खाली मैदानावर मुलं गोल झाला म्हणून ओरडत होती.

रडं ओसरल्यावर त्याने डोळे पुसत विचारलं, "आता तुम्ही हे सगळ्यांना सांगणार?"

"सगळ्यांना ना-नाही. तुझ्या बाबांना सांगणार. डॉ-डॉक्टरांना सांगणार."

तो ताडकन उठला. "खोलीतलं बाहेर जात नाही म्हणाला होतात! खोटं बोललात!"

"एक गोष्ट सोडून, म्हणाले होते. पहिल्याच दि-दिवशी. जीवाचा प्रश्न आला तर मी ग-गप्प बसणार नाही. आठवतं?"

त्याला आठवत होतं. वाद घालायला मुद्दा सापडला नाही. "मी तुमच्यावर चिडलोय," तो म्हणाला.

"चिड," वन्सं म्हणाल्या. "उद्याही चि-चिड. फक्त उद्या इथे ये."

वडील आले तेव्हा सगळे खाली वन्संच्या खोलीत होते. वन्संनी त्यांना सगळं सांगितलं, मुलासमोरच, काही न लपवता, सावकाश. तेवढा धिप्पाड माणूस ऐकता ऐकता व्यायामाच्या गादीवर खाली बसला. हेल्मेट घरंगळत कोपऱ्यात गेलं. कितीतरी वेळ ते मुलाच्या पायांकडे पाहत राहिले. त्याच्या पायात जुन्या चपला होत्या. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "भूक लागलीय का तुला?"

वकील म्हणाला, "हो."

आणि ते तिघं, बापलेक आणि वन्सं, वाटेत काहीतरी खाऊन तसेच दवाखान्यात गेले. वन्सं तिथे शेवटपर्यंत थांबल्या. त्याला घरी एकटं राहू द्यायचं नाही, घरातलं काय काय त्याच्या हाताला लागू द्यायचं नाही, कुणी कधी त्याच्याजवळ असायचं, हे सगळं डॉक्टरांशी बोलून ठरवूनच बाहेर पडल्या.

मी घरी येऊन स्वयंपाकघरात भांडी घासत राहिले. घासलेलीच पुन्हा घासली. एक शब्द विचारायला किती बळ लागतं, हे मला त्या दिवशी दिसलं होतं, आणि ते बळ कुठून येत असेल याचा काही केल्या पत्ता लागत नव्हता. ज्या वेळी मी आनंदाने टेबलाभोवती बातमी सांगत होते त्याच वेळी या बाईला त्या हसऱ्या चेहऱ्यामागचं दिसलं होतं. वन्सं आल्या, जेवल्या. नवऱ्याने सवयीने विचारलं, "काय मग, आज काय विशेष?" मी त्याला डोळ्यांनी दटावलं. वन्सं म्हणाल्या, "आज फा-फार दमले रे." आणि सोफ्यावर बसल्या बसल्या झोपल्या. भावाने त्यांच्या पायातल्या चपला काढल्या आणि अंगावर चादर घातली.

वकील दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी वडिलांसोबत आला. औषधं सुरू झाली, डॉक्टरांकडच्या फेऱ्या सुरू झाल्या. एकदा मधेच सगळं पुन्हा ढासळलं, आणि वन्संनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कपाळावर आठी न आणता. वडील बापडे रोज संध्याकाळी काहीबाही शिजवायचे आणि वकील त्यांच्या स्वयंपाकावर खटले चालवायचा. ज्या दिवशी त्याने माझ्या सोडवलेल्या गणितातली चूक काढून त्यावर भाषण दिलं, त्या दिवशी मी वर्गाकडे पाठ करून फळा पुसत राहिले, उगाच.

तो वकील झाला नाही. लिफ्ट दुरुस्त करतो. मागे आमच्या इमारतीची लिफ्ट बिघडली तेव्हा कंपनीने त्यालाच पाठवलं. काम आटपल्यावर जिन्यात बसून आम्ही चहा घेतला, आणि तेव्हा त्याने मला त्याच्या बाजूचं सगळं सांगितलं. मी विचारलं, "हे मी कधी कुणाला सांगितलं तर चालेल?" हात पुसत म्हणाला, "सांगा की बाई. असं कुणी असलं तर त्याला कळेल विचारणारं माणूस असतं म्हणून. फक्त माझी बाजू नीट मांडा."

सगळीच मुलं अशी हाती लागली नाहीत. एक मुलगी होती, दोन वेण्या घालणारी, फार चांगलं चित्र काढायची. घरातलं काही सांगायला ती जेमतेम सुरुवात करत होती आणि एका सुट्टीत तिच्या घरच्यांनी गावच सोडलं. वन्संनी संबंधित कचेऱ्यांत चकरा मारल्या, शेजाऱ्यांना विचारलं, दुसऱ्या शाळांना फोन केले. पत्ता लागला नाही. अजूनही नवीन कुणी मूल बाहेरगावाहून दाखल झालं की त्या त्याच्या आधीच्या शाळेचं नाव विचारतात आणि फोन लावतात. मी एकदा म्हटलं, "वन्सं, किती दिवस शोधणार?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्नच त्यांना समजला नाही.

त्या दुपारबद्दल मी त्यांना फक्त एकदा विचारलं. "तो प्रश्न विचारताना भीती नाही वाटली?"

"खू-खूप वाटली."

"मग?"

"मग काय, वहिनी? न वि-विचारण्याची जास्त वाटली." आणि त्या माझ्या हातातली पिशवी घेऊन जिना चढायला लागल्या.

परवाचीच गोष्ट. वर्गावर जाताना त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. पंखा खडखडत होता, तरी आतल्या पोराचा आवाज बाहेर येत होता. सहावीतला असेल, मूठभर जीव, खुर्चीवर उभा राहून वन्संवर तारसप्तकात ओरडत होता. मला कुणी नको, तुम्हीपण नको, सगळे चालते व्हा! वन्सं समोरच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या, एखाद्या मोठ्या माणसाचं म्हणणं ऐकावं तशा, मान किंचित कलती करून. ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "पाणी आहे का?" वन्संनी जग त्याच्याकडे सरकवला. तो खुर्चीवरून उतरला आणि पाणी प्यायला बसला.

मी वर्गावर गेले. फळ्यावर समीकरण लिहिलं आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मुलांना वाटलं, बाई उत्तर विसरल्या.